हलू नकोस, ताई

ताईच्या डोक्यातली गाठ कोणत्या जातीची, हे ऑपरेशनच्या आधी तिच्या धाकट्या भावानेच सांगायचं होतं. जन्मभर लोकांचे एमआरआय वाचलेला माणूस, पण आज पाळी सख्ख्या बहिणीची होती. गाठीची कड रेखीव निघाली तर जात गरीब, धूसर निघाली तर जहाल. म्हणून त्याने ताईला दहादा बजावलं होतं, "आत बोलायचं नाही. हललीस की चित्र पुसट येतं."

ताई कुठली ऐकतेय! काचेपलीकडच्या नळीत गेल्यापासून स्पीकरवर तिच्या तोंडाची टकळी चालूच. "गुंड्या, जेवलास का? आणि स्वेटर कुठाय तुझा?"

"ताई, गप्प बस ना गं!" तो हसत, डोळे पुसत माइकमध्ये ओरडला.

चित्रं उमटू लागली. कड अगदी रेखीव होती. त्याचा जीव भांड्यात पडला.

मग त्याच्या लक्षात आलं, एकही चित्र पुसट नव्हतं. वीस मिनिटं अखंड बोलणाऱ्या बाईचा जबडा तसूभरही हलला नव्हता.

टेक्निशियन बाईंनी ताईला बाहेर आणलं. ती त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि तिने लहानपणीसारखे त्याचे केस विस्कटले. "छान झोप लागली रे. एक शब्द बोलले नाही, बघ."

काचेपलीकडची नळी रिकामी होती. स्पीकर खरखरला.

"गुंड्या, झालं ना सगळं? मग मला बाहेर काढ की रे."

ताईची बोटं त्याच्या केसांतून तशीच मायेने फिरत राहिली.

"तिकडे लक्ष नको देऊस," ती म्हणाली.