पाइपाच्या पोटाखालचं भोक

सुखीबाईच्या प्रियंकाचं लगन झालं, त्या सालची गोष्ट. लगनाआधी तांड्यात नळ येणार होता. दारव्ह्याकडून लोखंडी पाइप पुरत पुरत आणला होता. शेवटचा तुकडा चरावर टांगलेला होता.

सुखीबाई घाई करायला आली. तिचा भाऊ लखीराम पाइपाला गंज नको म्हणून दिलेल्या काळ्या कोटावरून यंत्राला जोडलेला तारेचा ब्रश फिरवत होता. कोट कुठं उघडा असला की तिथं ठिणगी पडायची अन् हातातलं यंत्र वाजायचं. पाइपाच्या पोटाखाली ते वाजलं.

लखीराम मातीत उताणा झाला. कोटात मोहरीएवढं भोक होतं.

"डांबर थाप अन् सोड खाली, भिया," सुखीबाई म्हणाली. "जमिनीत कोणाले दिसते?"

"मातीले दिसते."

पाइप उचलणारी हायड्रा क्रेन रवी चालवत होता. तो वरून म्हणाला, "मामा, मले उद्या दुसऱ्या कामावर जायचं आहे. आज नाही टाकला तं आठ-दहा दिवस गाडी भेटत नाही. लगन कोरडं जाईन."

"जाऊ दे. हे खरवडून नवा कोट लावतो. वाळाले रात लागते."

सुखीबाई चिडली. "तुले भाची मोठी का पाइप?"

लखीराम उठून बसला. "वावराची काटेरी कुपाटी सारी धड असली अन् एकच भोक असलं, तं ढोरं कुठून घुसते?"

"तिथूनच."

"मंग? काळी माती ओली झाली का लोखंड खाते, बाई. सारं झाकलं अन् एवढंच उघडं राह्यलं, तं सारी भूक तिथंच. चार-पाच सालात फुटन. मंग म्हातारपणी पाण्याचा गुंड डोक्यावर घेऊन तूच जाजो विहिरीवर."

सुखीबाईनं वाकून पाइपाखालचं भोक बघितलं. मग रवीकडं वळली.

"पाइप काठावर ठेव अन् ने रे बापा तुही गाडी."

लगनाला पाणी लखीरामनंच पुरवलं. बैलगाडीवर ड्रम लादून विहिरीवरून खेपा घातल्या. अक्षता पडल्या तेव्हा मामा विहिरीवरच होता. मामा मांडवात नाही म्हणून एका सोयऱ्यानं नावं ठेवली, तेव्हा सुखीबाईनं त्याच्यापुढं पाण्याचा गिलास धरला. "आधी प्या. मंग बोला."

नळ नंतर आला. त्याला आता बरीच सालं झाली.

उन्हाळ्यात पाइप पुरलेल्या त्या पट्ट्यावरून जाताना सुखीबाई अजून खाली बघते. माती भेगाळलेली असते. ओल कुठंच नसते. तिला बरं वाटतं.

लखीराम गेल्या साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वारला.