वैजयंतीच्या जिभेने

मिलिंदने कानामागे पट्टी चिकटवली आणि डाव हातात घेतला. तशीच पट्टी वैजयंतीच्या कानामागेही होती. मिलिंद जे काही चाखेल ते तिच्या जिभेला जसं लागलं असतं, तसंच त्याला लागायचं. तिची केमो सुरू झाल्यापासून तो बायकोच्या जिभेनेच स्वयंपाक करत होता.

पहिल्यांदा पट्टी लावून त्याने साधं वरण चाखलं, तेव्हा गंजका खिळा चोखल्यासारखं वाटलं होतं. "दोन घास तरी खा ना गं," म्हणून तिच्या मागे लागल्याची मग त्याला लाज वाटली. त्या बिघडलेल्या जिभेला चालेल अशी आमटी त्याने चुकतमाकत बसवली. आमसुलं दुप्पट, गूळ मूठभर, मीठ नावाला.

आज तीच आमटी तोंडात घेतली. घशाखाली उतरेना. जीभ आणखी बिघडली की काय हिची? त्याने पाणी घातलं, पुन्हा चाखलं. तेच. शेवटी वैतागून पट्टी उपटली आणि स्वतःच्या जिभेने चाखून पाहिलं.

अगदी तस्संच लागलं.

त्याने गॅस बंद केला. मग वाटी भरून बाहेर घेऊन गेला.

वैजयंतीने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "शी! आमटी आहे की सरबत? इतके महिने हेच घालत होतास मला?"

"हेच," मिलिंद म्हणाला, आणि ती अख्खी वाटी त्याने हसत हसत स्वतःच पिऊन टाकली.