डिसेंबरातली रजा

मारोतरावांनी रजेचा अर्ज तिसऱ्यांदा खिडकीतून बाहेर सरकवला.

"तुळसाबाई, नियमात बसत नाही. वीजकपातीत मिल सेहेचाळीस दिवस बंद होती, ले-ऑफ होता. तेवढी हजेरी कमी पडते तुमची."

"मिल म्या बंद केली होती काय, बाबू?"

"तसं कुठं म्हणतोय मी?"

"ले-ऑफमधी रोज सकाळी सातले गेटवर येऊन उभी राहात होती मी. तुमीच वापस पाठवत होते. मंग गैरहजर कशी?"

मारोतरावांनी चष्मा पुसायला घेतला. टाइम ऑफिसच्या खिडकीत सतरा वर्षं बसून त्यांना एवढं कळलं होतं, की साहेबांचा हुकूम असला की चष्मा पुसत राहावं.

तुळसाबाईला सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात बावीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात तिने सलग चार दिवस रजा कधी घेतली नव्हती. आता चौऱ्याहत्तर सालच्या डिसेंबरात तिला बारा दिवस हवे होते, तेही अठरा तारखेपासूनच.

मॅनेजरांनी तिला आत बोलावलं. "जानेवारीत घ्या. वर दोन दिवस जास्तीचे देतो. आत्ता ऑर्डरी तुंबल्या आहेत, एकही मशीन बंद ठेवता येत नाही."

"जानेवारीत नाई जमत, साहेब."

"असं काय काम आहे?"

"घरचं हाय."

घरचं काम काय, ते खात्यातल्या सगळ्या बायांना ठाऊक होतं. तिचा मुलगा देवाजी दोन वर्षांपूर्वी बायको-मुलीला सोडून कन्हानला गेला होता. तिकडे खाणीत लागला, दुसरी बाई घरात आणली. त्या दुसरीचे दिवस डिसेंबरात भरत होते.

टाकलेली बायको, वच्छला, याच खात्यात बदली कामगार होती. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. एखादी आली नाही तर तिच्या मशीनवर काम, नाहीतर परत घरी. दोन वर्षांत सासू-सुनेत एक शब्द झाला नव्हता. वच्छला दिसली की तुळसाबाई मान फिरवून आत जायची.

"इचार कर वं," शेजारच्या मशीनवरची बायजाबाई म्हणाली. "बाकीच्या बदलीवाल्या ले-ऑफमधी निंगून गेल्या. तुह्या मशिनीवर वच्छलाच बसन. एकदा बसली का उठनार नाई थे."

"कोनी बी बसो."

युनियनच्या महादेवरावांनीही हात झटकले. "एका बाईले नातू खेळवायचा आहे म्हणून युनियननं भांडायचं काय?"

मग ती एकटीच सिव्हिल लाइन्समधल्या लेबर ऑफिसात गेली. चार खेपा पडल्या. दुसऱ्या खेपेनंतर मुकादमाने तिला मुद्दाम कच्चं सूत द्यायला सुरुवात केली. धागा सारखा तुटायचा, ती गाठी मारत राहायची. चौथ्या खेपेला अधिकाऱ्याने मॅनेजरांना समोर बसवून कलम वाचून दाखवलं. ले-ऑफचे दिवस हजेरीतच धरायचे.

तिची रजा मंजूर झाली. तिच्यामागे आणखी चाळीस जणींची हक्काची रजा सुटली. बाया खूश झाल्या, पण तिचं कोणी तोंड भरून कौतुक केलं नाही.

सतरा तारखेला सुटी झाल्यावर वच्छलाने तिला गेटबाहेर अडवलं.

"जा. नातवाले न्हाऊ घाला. माह्या पोरीले कधी हात नाई लावला तुमी."

तुळसाबाई बाजूने निघून गेली.

अठराला सकाळी मिलचा भोंगा झाला तेव्हा ती दारात बसली होती. दुसऱ्या दिवशीही तिथेच. काम नसलं तरी तिची बोटं राहून राहून गाठ मारल्यासारखी हलायची.

बाविसाला देवाजी आला.

"माय, पोरगा झाला. चाल, मी नेऊन राहिलो तुले."

"माहे पाय सुजले हायत."

देवाजीने तिच्या पायांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "खोटं काहून बोलतं, माय?"

तो चहासुद्धा न घेता वळला. गल्लीच्या कोपऱ्याआड गेल्यावर तिने पदर तोंडात धरला.

मिलच्या सुटीच्या दिवशी बायजाबाई डोकावली. "कन्हानले गेलीच नाई तू? मंग एवढं भांडून रजा कायले घेतली वं? मिलमधी वच्छला एक दिवस चुकवून राहिली नाई. ताप होता परवा, तरी आली."

"ताप? आता बरी हाय?"

"तुले काय त्याचं?"

एक जानेवारीला तुळसाबाई कामावर हजर झाली. मारोतरावांनी तिला खिडकीशी बोलावलं. आजूबाजूला कोणी नाही, असं पाहून घेतलं.

"साहेब आत पेटलेत, बाई. दर साली बदलीवालीचे दोनशे चाळीस दिवस भरत आले की आम्ही तिला डिसेंबरात घरी बसवतो, म्हणजे कायम करावं लागत नाही. यंदा तुमच्या मशीनला दुसरं माणूसच नव्हतं. काल वच्छलाचे दोनशे चाळीस भरले."

"माईत हाय," तुळसाबाई म्हणाली. "तिले कायमचं कार्ड कवा भेटते, थे सांगा."