कुमुदचा आवाज

"हिचं मूल न होण्याचं ऑपरेशनच करून टाका," आई म्हणाली, आणि दवाखान्यातलं संमतीचं यंत्र पुन्हा विझलं. शरीर ज्याचं, त्याचाच आवाज ते ऐकायचं. मध्ये दुसरं कुणी बोललं की पहिल्यापासून सुरुवात. कुमुदला समजायला वेळ लागतो, म्हणून तिची उत्तरं जन्मभर आईच देत आली होती.

"आई, तू बाहेर बस," कुमुद म्हणाली.

"जमेल का गं तुला?"

"वेळ लागेल. लग्नाला हो मीच म्हटलं होतं की."

दार लागलं. काय हवंय, यंत्राने विचारलं. कुमुद शब्द जुळवत राहिली. यंत्र वाट बघत राहिलं; तिच्यासाठी एवढं आजवर कुणी थांबलं नव्हतं.

"बाळ आत्ता नको. पुढं हवं असेल. ऑपरेशन नको. दंडात बसवतात ती कांडी द्या. ती काढता येते."

पुढचा प्रश्न यायच्या आत तिने बाही वर केली.