विहीणबाईंचा चहा

दवाखान्यातून सुनेनं आपल्या आईला थेट आमच्याकडे आणलं. विहीणबाई उंबऱ्याबाहेरच बसून राहिल्या. "लेकीच्या घरी राहायची आमच्यात रीत नाही." गावी त्यांना बघायला कुणी नव्हतं. सून रडकुंडीला आली.

आत नात घोकत होती, "माय हाउस, माझं घर. हर हाउस, तिचं घर."

मी म्हटलं, "ऐका विहीणबाई. इंग्रजीतसुद्धा दोन्ही वेगळी असतात. मी जिवंत असेतोवर हे हर हाउस नाही, माय हाउस आहे. तुम्ही माझ्याकडे राहताय. उठा!"

"मग चहाही तुमच्याच हातचा हवा," त्या हसल्या.

सून आल्यापासून पहिल्यांदाच मी गॅसपाशी गेले, ताठ मानेनं. साखर कुठं ठेवते, ते मात्र सुनेला हळूच विचारावं लागलं.