रेवाला काय काय येत नाही

"आणि बाथरूमला?" सरकारी बाईंनी विचारलं.

"एकटी जाऊ शकत नाही," विभावरी म्हणाली.

पुण्यापासून दूर, परदेशातल्या मलिंगार गावच्या शाळेतल्या रिकाम्या वर्गात, पोरांच्या बुटक्या खुर्चीवर ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. शेजारी तिची सात वर्षांची मुलगी रेवा, नजर खिडकीबाहेर. सरकारने खर्चाला कात्री लावली होती आणि ती कात्री फिरत फिरत या वर्गापर्यंत आली होती. दिवसभर रेवाला सांभाळणारी मदतनीस ऑर्ला ठेवायची की काढायची, ते या सरकारी बाई आज ठरवणार होत्या. ऑर्ला नसली की रेवा फाटकाबाहेर पळणार, आणि फाटकाबाहेर मोठा रस्ता. मागच्या वर्षी एकदा पळालीच होती.

"तिचा सगळ्यात वाईट दिवस सांग," ऑर्लाने सकाळीच बजावलं होतं. "ग्रँड आहे, मजेत आहे म्हणालीस की संपलं."

विभावरीला असं वाईट सांगणं जन्मात जमलं नव्हतं. आपल्याकडे पाहुणे आले की पोरांना पुढे करून श्लोक म्हणायला लावतात. पुण्याला फोनवर सख्ख्या आईलासुद्धा ती 'रेवा मजेत आहे' एवढंच सांगायची. आज मात्र पोरीच्या देखत तिचं एकेक उणं परक्या बाईसमोर मांडायचं होतं. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

"बोलत नाही," ती म्हणाली. "बटणं लावता येत नाहीत. हाक मारली तरी बघत नाही. कोण आलं, कोण गेलं, तिच्या गावीही नसतं."

बाई भराभर लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांना ठसका लागला. काही केल्या थांबेना.

रेवा उठली.

पळ, विभावरी मनात म्हणाली. आत्ता पळ, बाळा.

रेवा दाराकडे गेली नाही. ती कोपऱ्यातल्या सिंककडे गेली. तिने पेला भरला, दोन्ही हातांनी धरला आणि घरी आल्यागेल्याला विभावरी देते तसा सावकाश आणून बाईंपुढे केला. एक थेंब सांडला नाही. मग तिने मान वर करून बाईंच्या डोळ्यांत पाहिलं.

बाईंचं पेन थांबलं होतं.

विभावरीने ताडकन उठून पेला हिसकावला. पाणी दोघींच्या अंगावर सांडलं.

"तुला येत नाही हे!" ती ओरडली.