खालचं बटण

"पढनेका नहीं हरेशभाऊ, दबानेका," मुकादम प्रितेश मागून म्हणाला. "वाचत बसलात तर संध्याकाळपर्यंत एक रांग व्हायची नाही."

हरेशने मान हलवली आणि अंगठा चालू केला. समोरच्या लोखंडी मांडणीवर चाळीस मोबाईल उभे लावलेले होते. पूर्वी या गाळ्यात लूम खडखडायचे, आता पंख्याचा आवाज तेवढा. भिवंडीत कापडात काही उरलं नाही म्हटल्यावर मालकाने मतं विणायला घेतली, एवढाच फरक.

काम म्हणाल तर पोरखेळ. लोक जिथे एकमेकांना प्रश्न विचारतात अशी एक मराठी साइट होती. पंप कुठला घ्यावा, क्लास कुठला लावावा; प्रश्नाखाली पर्याय, पर्यायांना लोकांची मतं. ज्या कंपनीने काम दिलं असेल तिच्या पर्यायाला हरेशची चाळीसच्या चाळीस मतं जायची. पण तेवढंच केलं तर साइटवाल्यांना संशय येतो. म्हणून मधल्या वेळात कुणाच्याही, कसल्याही प्रश्नावर मत देऊन खाती जागती ठेवायची. तिथे काय दाबायचं हे कुणी सांगत नसे. हरेश खालचं दाबायचा. वरच्यासाठी दर वेळी हात उचलावा लागे आणि दुपारपर्यंत खांदा भरून येई.

मत देणाऱ्याचं नाव तिथे दिसायचं, त्यामुळे नावं खरी वाटायला हवीत असा प्रितेशचा आग्रह. पहिल्या दिवशी चाळीस नावं सुचवा म्हटल्यावर हरेशचं डोकंच चालेना. शेवटी त्याने अंबाडी गावाकडचा आपला पाडा डोळ्यांपुढे आणला आणि पहिल्या घरापासून नावं घालत सुटला. वाघ्या, धाकली, मोरू, आनंदीबाई. प्रितेश खूश झाला. हरेशलाही बरंच वाटलं. दिवसभर गावची माणसं समोर उभी.

घरी मात्र त्याने यातलं अक्षर काढलं नव्हतं. रंजिता समजे, नवरा गोदामात माल चढवतो-उतरवतो. खोटी मतं देऊन पोट भरतो हे बायकोला कुठल्या तोंडाने सांगणार? प्रितेशने सगळ्यांना ती साइट घरच्या मोबाईलवर घालायला लावली, तेव्हा त्याने तिच्याही मोबाईलवर घालून दिली. कोन गावातल्या भाड्याच्या खोलीत दिवसभर एकटी असणाऱ्या बाईला विरंगुळा झाला. वाल कडू का लागले, भिंतीची ओल कशी घालवावी, सगळं ती तिथे विचारी.

"आता नवरा कशाला पायजे तुला?" तो चिडवायचा.

"नवऱ्याला इचारलं तर नवरा घोरतो," ती म्हणायची.

दिवाळीनंतर रंजिता डाव्या कुशीवर झोपेनाशी झाली. हरेशने विचारलं, तर म्हणाली गादी टोचते. त्याने रविवारी गादी खांद्यावर मारून नेली, कापूस पिंजून आणला. ती हसली, पण कूस काही बदलली नाही.

शिमग्याला दोघं पाड्यावर गेले. एरवी नाचात पहिली उतरणारी रंजिता पदर घट्ट लपेटून कडेला बसली. बायकांनी ओढलं, तरी उठली नाही. आनंदीबाईने तिच्या गालाला हात लावून "वाळलीस गं" म्हटलं, तर तिने नुसतं त्या म्हातारीकडे डोळे भरून पाहिलं. हरेशला वाटलं, माहेरपणाला आसुसली असेल.

जूनच्या सुरुवातीला तिच्या झंपरवर त्याला डाग दिसला. मग त्याने काही ऐकून घेतलं नाही. रिक्षा बोलावली आणि तिला ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तपासण्या झाल्या. बोलवलं त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागद पुन्हा पुन्हा पाहिले.

"छातीतली गाठ पहिल्यांदा कधी हाताला लागली?"

"दिवाळीच्या टायमाला," रंजिता म्हणाली. "बोरायेवढी व्हती."

डॉक्टरीणबाईंनी कागद मिटले. मग हरेशकडे वळल्या. "तेव्हा आणलं असतं तर काढून टाकता आली असती. आता सगळीकडे पसरलंय. दुखणं कमी राहील एवढं बघू आपण."

बाहेर दोघं बाकड्यावर बसले. हरेशला रडू आवरेना. इतके दिवस बाई शेजारी झोपत होती आणि आपण गादी पिंजत बसलो, या विचाराने त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

"मना का न्हाय सांगितलंस?"

"तुमी धास्तावलं असतं. ड्युटी सोडून बसलं असतं."

"खर्चाला भ्यालीस ना?"

"न्हाय ओ. मी जानारच व्हते. माज्या भयनीला सोबत बोलवायचं बी ठरवलं व्हतं."

"मग?"

"जायच्या आदी इचारून बगितलं. तुमी घालून दिलेल्या त्या साइटवर. माजं नाव न्हाय घातलं, लाज वाटली. दोनच गोष्टी लिवल्या. वर लिवलं, दवाखान्यात जाऊ. खाली लिवलं, थांबून बगू, जिरंल."

हरेशचं रडणं थांबलं. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"असं नका बगू. परक्या मानसांचं मी ऐकलं असतं व्हय?" रंजिताने त्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "मोरूकाकाकडं मोबाईल कवा आला, मना ठाव बी न्हवतं. पन वाघ्या, धाकली, आनंदीबाई... आपला अख्खा पाडा 'थांब' म्हनत व्हता."